नाशिकहून समुद्रावर जाताय? किनाऱ्यावरची रानफुलं ओळखायला अशी सुरुवात करा

आपण नाशिककर समुद्रावर जातो म्हणजे काय, तर पहाटे निघायचं, त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत डहाणू-बोर्डी गाठायचं, पाण्यात पाय बुडवायचे, मासे खायचे आणि रात्री घरी. मीपण कित्येक वर्षं हेच केलं. फुलांची आवड आधीपासून होती, पावसाळ्यात अंजनेरीला वही घेऊन फिरायचे, पण समुद्रावर वाळूत काय फुलं असणार असंच डोक्यात होतं. मग एकदा भाच्याला घेऊन बोर्डीला गेले तेव्हा सुरूच्या रांगेपुढे वाळूवर हिरवीगार जाळी पसरलेली दिसली, त्यात गुलाबी-जांभळी फुलं. दुपारचा एक वाजला होता, ऊन मी म्हणत होतं, घाईघाईत फुलांचे सात-आठ फोटो काढले आणि वहीत लिहिलं, 'वाळूतली वेल, जाड पानं, गुलाबी जांभळं फूल'. घरी येऊन बघते तर काही कळेना. अर्धे फोटो चुरगळलेल्या फुलाचे, अर्धे वालाच्या फुलासारखे काहीतरी, आणि पानाचा एकही नीट फोटो नाही.

दोन महिन्यांनी परत गेले, या वेळी सकाळी. तिथे बोंबील वाळत घालणाऱ्या एक काकी होत्या, त्यांना मोबाईलमधला फोटो दाखवला. त्यांनी फोटोकडे धड बघितलं पण नाही. म्हणाल्या, "फूल काय बघतेस बाय, पान बघ ना. आपट्याचं पान हाय तर मर्यादवेल, वालाचं पान हाय तर दुसरी." आणि खरंच, दोन वेली एकमेकींत गुंतल्या होत्या आणि मी त्यांना एकच समजून बसले होते.

तेव्हापासून मी ज्या पद्धतीने बघते तीच इथे सांगते. आधी झाड पाण्यापासून किती लांब उभं आहे ते बघायचं, मग पान, मग फुलाचा आकार आणि सगळ्यात शेवटी रंग. रंगाला शेवटी ठेवा हे मुद्दाम सांगते, कारण आपण सगळे रंगापासूनच सुरू करतो आणि तिथेच फसतो.

आधी घरचा अभ्यास, नाशिकमध्येच

किनाऱ्यावर जायच्या आधी एक आठवडा रोज दहा मिनिटं द्या. तुम्हाला पाच-सहा फुलांच्या घडणी डोळे मिटून आठवल्या पाहिजेत आणि त्या सगळ्या आपल्या आसपास आहेत.

पहिली घडण नरसाळ्याची. कालव्याच्या, नाल्याच्या कडेला ती बेशरम वाढते ना, फिकट जांभळ्या मोठ्या फुलांची, ते फूल हातात घेऊन बघा. पाकळ्या सुट्या नाहीत, सगळं मिळून एकच नरसाळं, आणि घशात रंग गडद. दुसरी वाल-वाटाण्याची घडण, घरात गोकर्ण असेल तर तीच घ्या, एक मोठी पाकळी, दोन बाजूला दोन, आणि मधे होडीसारखी मिटलेली जोडी. तिसरी जास्वंदीची, मधोमध दांडा आणि त्या दांड्याला चिकटलेले पुंकेसर, भेंडीच्या फुलातपण तेच दिसेल. चौथी झेंडू-सूर्यफुलाची, जिथे एक फूल म्हणजे खरं तर शेकडो बारक्या फुलांचा गुच्छ असतो. हे नीट समजून घ्यायचं तर झेंडूचं फूल उभं चिरून भिंगाखाली बघा, एकदा बघितलं की विसरत नाही. पाचवी अडुळशाची, ओठांसारखं उघडलेलं फूल. आणि सहावी रुईची, मेणातून कोरल्यासारखी, मधे मुकुट असलेली. शनिवारी मारुतीला माळ घालताना रुईचं फूल हातात असतंच, तेव्हा घाई न करता एकदा निरखा.

एवढं झालं की किनाऱ्यावरचं अनोळखी फूल दिसल्यावर तुम्ही 'हे काय आहे' असं न विचारता 'हे कोणाच्या घरातलं आहे' असं विचाराल, आणि अर्धं काम तिथेच होतं.

अजून एक गोष्ट, जी मला फार आवडते. कॉलनीतल्या बंगल्यांना, बागांना कुंपण म्हणून लावतात ती कोयनेल, गडद हिरव्या पानांची, ती मुळात किनाऱ्यावरची, खाडीकाठची वनस्पती आहे. आपण तिला सारखी कात्री लावतो म्हणून तिला फूल येतं हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. कुंपणाचा एखादा कोपरा माळ्याच्या हातून सुटलेला शोधा. लांब नळीची पांढरी फुलं, बहुतेक वेळा तीन-तीनच्या झुबक्यात, आणि त्यातून बाहेर आलेले लांब लालसर-जांभळे पुंकेसर. हे फूल नाशिकमध्ये बघून ठेवा, खाडीवर गेल्यावर ते तुम्हाला जुन्या ओळखीचं वाटेल.

कधी जायचं

वेळ दोन अर्थाने महत्त्वाची आहे, दिवसातली आणि समुद्राची.

दिवसातली म्हणजे सकाळी, उजाडल्यापासून दहा-साडेदहापर्यंत. मर्यादवेलीचं फूल एकाच दिवसाचं असतं, सकाळी टवटवीत आणि दुपारपर्यंत चुरगळून जातं. वाळूतली पिवळी पाथरीसारखी फुलंपण सकाळीच उघडी मिळतात. म्हणून मी नाशिकहून पहाटे निघून दुपारी पोचायचा नाद सोडला, आदल्या संध्याकाळी जाऊन मुक्काम करते, सव्वाशे-दीडशे किलोमीटर आणि मधे घाट, त्यात सकाळची वेळ हातची जाते.

समुद्राची वेळ म्हणजे भरती-ओहोटी. वाळूवरची झाडं भरतीच्या रेषेच्या वरच असतात त्यामुळे ती कधीही बघता येतात, पण खाडीत उतरायचं असेल, तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या कडेने फिरायचं असेल तर ओहोटीच पाहिजे. कोकणात एक सोपा हिशोब आहे, तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, साधारण तीनला पूर्ण भरती, आणि त्याच्या सहा तास आधी, नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती आणि बाराला ओहोटी. म्हणजे सकाळी खाडी बघायची तर तृतीया ते पंचमी, शुद्ध किंवा वद्य कुठलाही पक्ष चालेल. हा हिशोब मुंबईच्या आसपास बरा बसतो, पण ठिकाणाप्रमाणे अर्धा-पाऊण तास किंवा जास्तही मागेपुढे होतं, म्हणून कॅलेंडर बघून दिवस ठरवा आणि नेमकी वेळ भरतीच्या तक्त्यावर किंवा स्थानिक माणसाला विचारूनच पक्की करा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर येतं, खाडीच्या चिखलात तेव्हा नवख्याने जाऊ नये.

ऋतूचं म्हणाल तर वाळूवरच्या वेली जवळजवळ वर्षभर थोड्याफार फुललेल्या असतात, पावसाळा संपल्यावर भरपूर. सडे म्हणजे दक्षिण कोकणातली कातळाची पठारं, ती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. खाडीतली मारांडी हिवाळा सरताना आणि उन्हाळ्यात.

सोबत काय न्यायचं

दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग, सहा इंची पट्टी, वही, पेन्सिल (पेनाची शाई दमट हवेत पसरते), मोबाईल आणि त्याला झिपवाली प्लास्टिकची पिशवी, टोपी, पाणी. पायात पूर्ण बंद सॅंडल किंवा जुने बूट. वाळूतलं एक काटेरी गवत आहे, मोठ्या गोल काटेरी चेंडूंसारखे त्याचे तुरे वाळतात आणि वाऱ्यावर लोळत जातात, अनवाणी पायाला ते चांगलंच टोचतं.

कात्री आणि फुलं गोळा करायची पिशवी नेऊ नका. ओळखायला फूल तोडावं लागत नाही.

पहिला पट्टा, भरतीच्या रेषेच्या लगेच वर

पाण्याकडे पाठ करून उभे राहा. ओल्या वाळूच्या वर जिथे काटक्या, शिंपले, प्लास्टिक यांची एक ओळ दिसते ती गेल्या मोठ्या भरतीची खूण. तिथून जमिनीकडे चालायला लागा, सावकाश, आणि जे पहिलं हिरवं पाऊल अडवेल तिथे थांबा. बहुतेक वेळा ती मर्यादवेल असते, आणि नावातच सगळं आलं, समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ती सुरू होते.

आता खाली बसा. खरंच बसा, उभं राहून बघू नका. पान बघा, टोकाला मधोमध खाच आणि दोन गोल पाळ्या, दसऱ्याला आपण सोनं म्हणून देतो त्या आपट्याच्या पानासारखं पण जाड, चकचकीत. शास्त्रीय नाव आयपोमिया पेस-काप्री, त्यातल्या पेस-काप्रीचा अर्थ बकरीचा पाय, नाव ठेवणाऱ्यांना त्या पानात बकरीचं खूर दिसलं, आपल्याला आपटा दिसतो. मग वेल हलकेच उचलून बघा, दर पेऱ्याला मुळं फुटून वाळूत गेलेली असतात. या मुळांमुळेच वाळू धरून राहते आणि मागे वाळूची टेकडी उभी राहते. फूल बेशरमीसारखं नरसाळं, गुलाबी-जांभळं, आत घशाशी गडद. म्हणजे घरच्या अभ्यासातली पहिली घडण. फळ गोल बोंड, आत चार केसाळ तपकिरी बिया, त्या समुद्राच्या पाण्यावर तरंगत लांबलांब जातात, आणि म्हणूनच उष्ण प्रदेशातल्या जगभरच्या किनाऱ्यांवर ही वेल सापडते.

आता तिच्यातच गुंतलेली दुसरी. पान तीन पर्णिकांचं, वालासारखं, पण पर्णिका गोलसर आणि जाड. फूल गुलाबी, वाटाण्याच्या घडणीचं. ही आपल्या अबईची किनाऱ्यावरची बहीण, कॅनावॅलिया. हिची एक गंमत भिंगाशिवायपण दिसते, फूल उलटं असतं. गोकर्ण सोडून इतर वाल-वाटाण्यात मोठी पाकळी वर असते, इथे ती खाली आणि होडी वर. एकदा हे दिसलं की लांबूनसुद्धा चुकत नाही. शेंग जाड, चपटी, कडेला कंगोरे असलेली. अबईसारखी दिसते म्हणून खायचा प्रयत्न अजिबात करू नका, बिया विषारी असतात.

मी त्या दिवशी वाळूत बसून दोन्ही वेलींचा एक-एक हात माग काढला, बोटाने, पेऱ्यापासून पेऱ्यापर्यंत, हिचं पान कुठलं आणि तिचं फूल कुठलं. भाचा म्हणाला, मावशी तू वायर शोधतेयस का. पण हे करावंच लागतं. गुंतलेल्या वेलींत शेजारचं पान आणि शेजारचं फूल एकाच झाडाचं असेल असं धरून चालू नका, देठापासून माग काढा.

याच पट्ट्यात जमिनीलगत पिवळी फुलं दिसली तर दोन शक्यता तपासा. मोबाईल वाळूवर टेकवून जवळून बघा. सगळ्या पाकळ्या चपट्या, पिवळ्या, मधे वेगळं बटण नाही, आणि पानांचे छोटे छोटे चक्राकार गुच्छ वाळूवरून धावणाऱ्या दोऱ्यांनी एकमेकांना जोडलेले असतील, तर ती पाथरीच्या कुळातली किनाऱ्यावरची लाउनिया सार्मेंटोसा. पान थोडं दुखावलं तर पांढरा चीक येतो. पण मधे पिवळं बटण, कडेला चार-पाच फिकट पाकळ्या आणि एका लांब दांड्यावर एकच फूल, तर ती आपली एकदांडी, शाळेत जखमेवर जिचा पाला चोळायचो ती. ती मूळची मध्य अमेरिकेतली आणि आता कुठेही उगवते, किनारा तिचं खास घर नाही.

जिथे वाळूत चिखल मिसळतो तिथे समुद्री घोळ बघा. बोटाएवढी मांसल पानं, समोरासमोर, बऱ्याचदा लालसर दांडे, आणि पानाच्या बगलेत एकेकटं गुलाबी चांदणीसारखं फूल. खरी गोष्ट म्हणजे त्याला पाकळ्या नसतातच, ती पाच दलं आतून गुलाबी आणि मागून हिरवी असतात, फूल हलकेच उलटून बघितलं की कळतं. आपण भाजीला घेतो त्या घोळीला पिवळं फूल येतं, एवढ्यावरूनपण दोन वेगळ्या होतात.

पानं इतकी जाड का, असा प्रश्न भाच्याने विचारला होता आणि तो बरोबर होता. चारी बाजूला पाणी आहे पण खारं, झाडाला ते सहज पिता येत नाही, वरून वारा आणि ऊन. म्हणून पाणी साठवणारी मांसल पानं, वर मेणासारखा थर, आणि जमिनीला चिकटून राहणं. समुद्रावर जाड पान दिसलं म्हणून लगेच ओळख पटली असं समजू नका, इथे निम्म्या झाडांची पानं जाडच असतात. जाडी सोडून आकार, मांडणी आणि कडा लिहा.

मागची झुडपं आणि झाडं

वाळूचा चढ संपला की झुडपं सुरू होतात. बोर्डीसारख्या ठिकाणी इथे सुरूचं बन आहे, ते लावलेलं, सुरू आपल्याकडचा नाही. त्याच्याखाली सुयांचा जाड थर पडतो आणि फारसं काही उगवत नाही, तिथे वेळ घालवू नका, बनाच्या कडा आणि गावाच्या कुंपणांकडे जा.

रुई सापडेलच. सागरगोटापण. लहानपणी सागरगोट्यांनी खेळलेल्यांना ते राखाडी गुळगुळीत गोटे माहीत असतात पण झाड बघितलेलं नसतं. हे आडवंतिडवं चढणारं झुडूप, पानांच्या देठांना वाकडे काटे, पिवळ्या फुलांचे तुरे आणि शेंग अशी की संपूर्ण काट्यांनी भरलेली. त्यात एक-दोन गोटे. हात घालू नका, काठीने फांदी बाजूला करून बघा. याच्या बियाही मर्यादवेलीसारख्या समुद्रावर तरंगत प्रवास करतात.

इथे सगळ्यात जास्त चूक होते ती दोन पिवळ्या, जास्वंदीच्या घडणीच्या झाडांत, म्हणून त्यावर जरा थांबते. एक भेंड, काहीजण पारोसा भेंडी म्हणतात, दुसरं बेलपट. दोघांची पानं पिंपळासारखी हृदयाच्या आकाराची, दोघांची फुलं पिवळी, घशात गडद तांबडा डाग, आणि दोघांची फुलं सुकताना रंग बदलून लालसर होतात. फोटोत तर सांगताच येत नाही. मग काय करायचं, तर पान उलटं करा. भेंडाचं पान दोन्हीकडून गुळगुळीत, चकचकीत, बेलपटाच्या पानाची खालची बाजू पांढुरकी-करडी, बारीक लव असलेली, बोटाला मऊ लागते. मग फुलाच्या मधल्या दांड्याचं टोक बघा, भेंडात ते एकत्र, गदेसारखं, बेलपटात पाच सुटी टोकं, जास्वंदीसारखी. आणि फुलाखालची हिरवी वाटी, भेंडात ती कडेला सरळ कापल्यासारखी, दात नसलेली. या तीनपैकी दोन खुणा जुळल्या की नाव लिहा.

केवडा ओळखायला कोणाला शिकवावा लागत नाही, करवती कडांची लांब पानं आणि खाली आधाराची मुळं. गणपतीच्या दिवसांत आपल्या फुलबाजारात येणारा सुगंधी केवडा हा नर झाडाचा तुरा असतो, मादी झाडाला अननसासारखं फळ धरतं. फळ दिसलं तर 'मादी' असं वहीत लिहा, फार लोक लिहीत नाहीत.

उंडी दिसली तर नशीब. मोठं झाड, पानावर मधल्या शिरेपासून कडेपर्यंत अगदी जवळजवळ समांतर बारीक रेषा, कंगव्याने ओढल्यासारख्या, पांढरी सुवासिक फुलं आणि मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुपका.

खाडी

खाडीसाठी वेगळा दिवस ठेवा, आणि स्थानिक माणसाबरोबरच जा. चिखल वरून घट्ट दिसतो पण पाय गुडघ्यापर्यंत जातो, माझी एक चप्पल तिथेच राहिली आहे.

इथलं सगळ्यात सुंदर रानफूल म्हणजे मारांडी. कमरेएवढं झुडूप, पानांच्या कडांना काटे, आणि निळसर-जांभळं फूल. घडण अडुळशाची, पण नीट बघा, एक ओठ गायब आहे. वरचा ओठ नसतोच, फक्त खालचा मोठा, पसरलेला, आणि त्याच्यावर उघडे पडलेले जाड पुंकेसर. निळं फूल आणि एकच ओठ, किनाऱ्यावर ही जोडी दुसरीकडे दिसणार नाही. दाट सावलीत वाढलेल्या मारांडीच्या पानांना काटे नसू शकतात, त्यामुळे काटे नाहीत म्हणून नाव खोडू नका, फूल बघा.

तिवराची फुलं बारीक, पिवळी-केशरी, चार पाकळ्यांची, लांबून दिसत नाहीत पण मधमाश्यांच्या आवाजावरून सापडतात. चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली त्याची श्वासमुळं बघितली की झाड कळतंच. पानावर बोट फिरवा, मिठाचे कण लागतात, झाड जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं. पांढरी चिप्पी म्हणजे सोनेरॅशिया अल्बा, हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन (खारफुटीचं जंगल) वृक्ष आहे. याची फुलं रात्री उघडतात, पावडरच्या पफसारखा पांढऱ्या पुंकेसरांचा झुपका, आणि सकाळी तो झुपका खाली चिखलात पडलेला मिळतो. वर झाडावर उरते ती फळाखालची हिरवी चांदणी. म्हणजे चिप्पी शोधायची तर आधी खाली बघायचं.

एक सावधगिरी. खाडीकाठच्या कुठल्याही झाडाची फांदी मोडू नका. हुरा नावाचं एक झाड असतं, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. रुईचा चीकही डोळ्याला वाईटच. हात लावला असेल तर धुतल्याशिवाय डोळे चोळू नका, आणि मुलं बरोबर असतील तर हे निघतानाच सांगा. तशीही मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर कांदळवनं तोडायला मनाई केलेली आहे.

जाता जाता, खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीत, मोरस दिसेल, बारीक मांसल पानांची, कधी लालचुटूक झालेली. तिची फुलं इतकी बारीक की भिंगच लागतं, पण पालघर-वसईकडे तिची भाजी करतात, आणि ती खारट असते म्हणून मीठ बेताने घालतात.

सडे

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे गेलात तर किनाऱ्याच्या डोक्यावर जांभ्याचं पठार असतं, त्याला सडा म्हणतात. उन्हाळ्यात तव्यासारखा कोरडा, पावसात फुलांनी भरलेला. इथे नाशिककरांना सोपं जातं कारण अंजनेरीच्या पठारावर बघितलेले बरेच जण इथे भेटतात, निळी-जांभळी सीतेची आसवं, तेरडा, पिवळा कवळा, पांढऱ्या बटणांसारखे गेंद. सीतेची आसवं कीटक खातात बरं का, जमिनीतल्या बारक्या पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडतात.

पण एक फूल इथलंच. दीपकाडी, शास्त्रीय नाव डिपकॅडी कोंकणेन्स, पहिल्या पावसानंतर जून-जुलैत कातळावरच्या पातळ मातीतून एक दांडा वर येतो आणि त्यावर लांब नळीची पांढरी फुलं. कोकण आणि त्याला लागून असलेल्या गोवा-कर्नाटकाच्या पट्ट्याबाहेर ते सापडत नाही. राजापूरजवळच्या देवाचे गोठणेच्या सड्यावर, जिथे कातळशिल्पंही आहेत, ते फुलतं. सड्यावर चालताना कातळाच्या उघड्या भागावर पाय ठेवा, ओल्या मातीच्या खळग्यांत नको, सगळी फुलं त्या दोन बोटं मातीतच असतात. गाडी तर सड्यावर चढवूच नका.

नोंद कशी लिहायची

वहीत प्रत्येक झाडाला एक पान द्या. माझी एक नोंद जशीच्या तशी देते.

'सकाळी ७.४०. भरतीच्या रेषेपासून वर १२ पावलं. कोरडी वाळू, पूर्ण ऊन. जमिनीवर पसरलेली, पेऱ्याला मुळं. पान एकेक, टोकाला खाच, ६ सेंमी, जाड, गुळगुळीत, कड सरळ. चीक पांढरा. फूल नरसाळं, ५ सेंमी, गुलाबी-जांभळं, घसा गडद. शेजारी: काटेरी गवत, अबईसारखी वेल. माश्या आणि काळ्या मुंग्या.'

यात नाव कुठेच नाही. नाव शेवटी, दुसऱ्या रंगाने, खात्री झाल्यावर. आधी नाव लिहिलं की मग आपण खुणा त्या नावाला जुळवायला लागतो, हे मी अनुभवाने सांगते.

फोटो प्रत्येक झाडाचे किमान पाच. पूर्ण झाड आजूबाजूच्या जागेसकट, पान वरून, पान खालून, फूल समोरून, फूल बाजूने म्हणजे खालची हिरवी वाटी दिसेल असं. फळ असेल तर सहावा. एका फोटोत पट्टी ठेवा. वारा जोरात असतो, त्यामुळे फूल हलतं, अंगाचा आडोसा करा किंवा कोणाला तरी छत्री धरायला सांगा.

मग ॲप. गूगल लेन्सला फक्त फुलाचा फोटो दिलात तर ते बऱ्याचदा बागेतल्या कुठल्यातरी फुलाचं नाव सांगतं. आयनॅचरलिस्टवर सगळे फोटो एका नोंदीत आणि ठिकाणासकट टाका, तिथे माणसं बघून दुरुस्त करतात. ॲपने नाव दिलं की ते उत्तर नाही, ती एक सूचना आहे, वहीतल्या खुणांशी ताडून बघा. तीन खुणा जुळल्या तर नाव पक्कं, एक जरी ठळक खूण उलटी गेली तर प्रश्नचिन्ह ठेवा. माझ्या वहीत अजून अकरा प्रश्नचिन्हं आहेत आणि ती तशीच ठेवली आहेत.

आणि वाळूत फुललेलं सगळंच तिथलं नसतं. सदाफुली कोकणातल्या वाळूत अशी काही माजते की मूळचीच वाटावी, पण ती मादागास्करची. घाणेरीपण बाहेरची. यांचीही नोंद करा, फक्त 'बाहेरून आलेली' असं बाजूला लिहा.

हे ताडून बघायचं काम त्याच रात्री करा, मुक्कामाच्या ठिकाणी, जेवण झाल्यावर. नाशिकला पोचल्यावर करू म्हटलं की होत नाही, आणि एखादी खूण राहून गेली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत त्याच वेलीजवळ जाऊन बसता येतं. म्हणूनच फुलं बघितलेल्या जागेपासून पाण्याच्या बाजूला पावलं मोजून लिहायची, कुठली होडी हे लिहू नका, होडी सकाळी जागेवर नसते.

निघताना बूट, मोजे आणि पँटच्या घड्या तिथेच झटकून घ्या, बिया सोबत येतात. मर्यादवेलीची फांदी घरच्या कुंडीत लावायला आणू नका, तिची तिथे वाळू धरायला गरज आहे. घरी लावायचीच तर आपली कोयनेल आहे ना, कुंपणाचा हातभर भाग एक पावसाळा न कापता सोडा आणि तिची फुलं बघा.